जिताड्याचं रक्त

माझ्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी माणसं येतात. शुगरवाली, थायरॉइडवाली, कंपनीची मेडिकल लागलेली, आणि सून गरोदर म्हणून तिच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या सासवा. सगळ्यांना घाई असते आणि प्रत्येकाला वाटतं, आपलीच शीर सापडणार नाही. मला राग लवकर येतो हे रोह्यात बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे फारशी नाटकं कोणी करत नाही. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर दारात एझ्राकाका उभे दिसले. शर्ट घामाने भिजलेला, हातात झाकणाची बादली, आणि चेहरा पार उतरलेला.

"काका, चक्कर येतेय का? बसा आधी. बाही वर करा."

"माझं नको गो," ते म्हणाले आणि त्यांनी बादलीचं झाकण काढलं. "याचं काढ."

बादलीत जिताडा होता. चांगला हातभर लांब, जिवंत, पण कसला जिवंत! तोंड वर करून नुसता हवा गिळत होता.

"काका, ही माणसांची लॅब आहे!"

"रक्त ते रक्तच ना? हे बघ." त्यांनी माशाचा कल्ला अंगठ्याने उचलला. जिताड्याचे कल्ले कसे लालभडक असतात, आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बाजारात बाई आधी कल्ला उचलून बघते, मग भाव विचारते. हा कल्ला फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरट होता. "पेणात कुणाला दाखवलं तर बोंब होईल. म्हणून तुझ्याकडं आलो यष्टीनं. कंडक्टर दोनदा ओरडला."

एझ्राकाका म्हणजे एझ्रा अष्टमकर, आमचे शेजारी. पेणहून धरमतरकडे जाताना खारातलं आमचं गाव, तिथे आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये फक्त एक शेवग्याचं झाड आहे. मी आठवडाभर रोह्यात खोली घेऊन राहते आणि रविवारी घरी जाते. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. गावात त्यांची एके काळी आळी होती, आता एकटे तेच उरलेत. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून सगळे त्यांना शनवारतेली म्हणायचे. काकांनी स्वतः धाटावला कंपनीत शिफ्टा केल्या, निवृत्त झाल्यावर घरामागच्या खाजणात, खाडीचं पाणी येतं तिथे, तळं खणलं आणि जिताडे सोडले. आमच्या भागात जिताडा म्हणजे साधा मासा नव्हे. साहेबाकडे काम अडलं की जिताडा जातो, नवा जावई आला की जिताडा शिजतो. काकांच्या तळ्यातला जिताडा तर लोक आधीच सांगून ठेवायचे.

दीनाकाकू गेल्यापासून ते तळं हेच त्यांचं घरदार झालं. त्यांची मुलगी शीराताई इस्रायलमध्ये अश्दोदला असते. ती वर्षानुवर्षं म्हणतेय, पप्पा या इकडे. गेल्या पुरीमच्या सणाला बाप-लेकीचं चांगलंच वाजलं आणि शेवटी ठरलं: यंदाचं तळं नीट पार पडलं, तर काका इथेच राहतील आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. तळं बिघडलं, तर घराला कुलूप लावून तिच्याकडे जायचं. "तिकडं रॉकेटचे भोंगे वाजले की ही आसऱ्याच्या खोलीत पळते," काका मला म्हणाले होते, "आणि काळजी कुणाची? माझी!" तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. आता लॅबमध्ये त्या फिकट कल्ल्याकडे बघताना दोघांनाही तेच आठवत होतं.

मी दार लोटून घेतलं. माशाच्या शेपटीकडे खालच्या बाजूने सुई घातली की कण्याखालची शीर सापडते, हे मी मोबाईलवर बघून केलं. दोनदा चुकलं. काकांनी मासा ओल्या फडक्यात धरला होता आणि ते त्याच्याशी बोलत होते, "झालं रे, झालं, थांब राजा." माणसांना इतक्या मायेनं कोणी धरत नाही. रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत आलं, आणि मी ते उजेडात धरलं तेव्हाच कळलं. पातळ. कोकमाच्या आगळात पाणी जास्त झालं की होतं ना, तसं.

आमचं मोठं मशीन माशाचं रक्त मोजत नाही. माशाच्या लाल पेशींना मधे केंद्र असतं, मशीन गोंधळतं. मी जुन्या पद्धतीने केसासारख्या बारीक नळीत रक्त भरलं, गरगर फिरवलं, आणि बाहेर काढलं. फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. यात तळाला लाल म्हणून जो भाग होता तो इवलासा, आणि वरचं पाणी पिवळं नव्हतंच. तांबूस होतं.

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे रक्त कमी आहे. आणि जे आहे ते आतल्या आत फुटतंय. पेशी फुटल्या की त्यातला लाल रंग पाण्यात उतरतो. माणसाचा असा रिपोर्ट आला असता, तर मी त्याला तसाच डॉक्टरकडे पळवला असता."

काका खुर्चीत बसले. मी म्हटलं, एकाच माशाचं बघून काही ठरवू नका. पण त्यांनी सांगितलं की पंधरवडाभर रोज सकाळी दोन-चार मासे उलटे तरंगताना मिळतायत. बाकीचे खातात, पण मन लावून नाही. गावात कुजबूज सुरू झाली होती की खाडीत कोणीतरी काहीतरी सोडलंय. तसं असेल तर संपलंच, खाडीचं पाणी कोण बदलणार?

रविवारी मी घरी गेले ती सॅम्पलच्या नळ्या घेऊनच. आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशीही रक्तच का? मासळी विकणाऱ्या बायजाबाईला मी सांगून ठेवलं होतं, तिने खाडीतला एक जिवंत जिताडा आणून दिला. काकांचं तळं त्याच खाडीच्या पाण्यावर भरतं. त्या माशाचं आणि तळ्यातल्या तीन माशांचं रक्त बर्फात घालून मी संध्याकाळीच रोह्याला परतले आणि कपडेही न बदलता लॅब उघडली. खाडीतल्या माशाचं रक्त दाट, लाल भाग भरपूर, वरचं पाणी स्वच्छ. तळ्यातले तिन्ही तसेच पातळ. म्हणजे खाडी नव्हे. पाणी दोघांचं एकच होतं, फरक होता खाण्यात. खाडीतला मासा खाडीत मिळेल ते खात होता, तळ्यातले मासे काका देतील ते.

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उलट जास्त भीती वाटली, कारण काकांच्या हातून काही चुकलं असेल हे त्यांना सांगायचं कोणी? मीच.

रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्या मैत्रिणीच्या ओळखीच्या निघाल्या. फोनवर मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही, आणि शेवटी एकच विचारलं, "खाद्याला तेल कुठलं लावता?"

तेल लावतात हे मला ठाऊक होतं. पूर्वी काका जिताड्यांना बारीक मासळी घालायचे. यंदा पावसात ती मिळेनाशी झाली तेव्हा गोळीचं खाद्य सुरू केलं. पण ती गोळी कोरडी, रोहू-कटल्याच्या कामाची. जिताडा शिकारी, त्याला चरबी लागते. म्हणून काका मुंबईच्या कुलाब्याहून माशाच्या तेलाचा कॅन मागवून ते गोळ्यांना चोळायचे, आणि इथपर्यंत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

"तेल चांगलंच आहे," मॅडम म्हणाल्या, "पण ताजं असलं तर. माशाचं तेल फार नाजूक. हवा लागली, ऊन लागलं की खवट होतं. खवट तेल पोटात गेलं की माशाच्या अंगातलं ई जीवनसत्त्व त्याच्याशी झगडण्यातच संपून जातं, आणि मग रक्तातल्या पेशींची सालं टिकत नाहीत. फटाफट फुटतात. तेल कुठे ठेवतात ते बघून या आधी. नाकालाच कळेल."

पुढच्या रविवारापर्यंत थांबायचा धीर माझ्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारीच लॅब बंद करून मी गाव गाठलं. ऑक्टोबरचं ऊन अंग भाजत होतं. तळ्याच्या पार पलीकडे, बांधाच्या टोकाला, काकांची पत्र्याची शेड आहे. तिकडे दुसरं कोणी जात नाही. काका पुढे चालले होते, मी मागे. शेड अजून लांब होती आणि मला पहिला भपका आला. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, सडक्या मासळीसारखा, घशात जाऊन बसणारा. मी ओढणी नाकाला लावली.

शेडच्या दारात, भर उन्हात, तांब्याचा मोठा हंडा होता. वर पातळ फडकं बांधलेलं.

"हे काय आहे?"

"तेल," काका म्हणाले, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या आवाजात जरा उभारी आली. "कॅनमधलं तेल तसंच वापरायचं नाय. हंड्यात ओतायचं, ऊन दाखवायचं, गाळ खाली बसू द्यायचा. वरचं निवळ तेवढं घ्यायचं. आमच्या आज्यापासनं असंच चालत आलंय. हा हंडा घाण्यावरचाच हाय."

"कल्हई कधी केली होती याला?"

"कल्हईवाला आता कुठं येतो गो?"

मी फडकं सोडलं. आत तेल खरोखर निवळ होतं, मधासारखं, तळ दिसत होता. वास मात्र असा की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. घाण्यावरच्या तिळाच्या तेलाला जे चालत होतं ते या तेलाला विष झालं होतं. ऊन होतं, उघडी हवा होती, आणि वर बिनकल्हईचं तांबं, जे तेलाला सगळ्यात लवकर खवट करतं. कॅनमधून ओतल्यावर आठवडाभर ते तिथे निवळत बसायचं, आणि मग काका प्रेमाने ते माशांना चोळून घालायचे. चांगलं व्हावं म्हणून!

मी ओरडलेच. "काका, वास येत नाही का तुम्हाला? मेलेलं तेल आहे हे! तेल्याच्या घरातले तुम्ही, काकूंच्या हातातलं तेल अंगणातून ओळखायचात, ताजं की परवाचं ते! आणि हे..."

काका हंड्यावर वाकले होते, चेहरा अगदी तेलाजवळ. वर बघून त्यांनी मान हलवली. काही तरी चुकलंय हे मला तेव्हा कळलं. त्या भपक्यात माझ्याच्यानं उभं राहवत नव्हतं, आणि त्यांच्या कपाळावर एक आठीसुद्धा नव्हती.

"काका?"

"नाय येत," ते म्हणाले.

"काय नाही येत?"

"वास. करोनात गेला तो आलाच नाय. मला वाटलं येईल. मग वाटलं, नाय आला तर नाय आला, मासे दिसतात की डोळ्यांनी." ते बांधावर बसले. "तेल्याचं नाक गेलं म्हणून कुणाला सांगू गो? पोरं हसतील."

मला इतका राग आला होता की दगड उचलून त्या हंड्यावर मारावा. आणि तितकंच रडूही आलं. माझ्या कामात मी रोज लोकांना सांगते, लपवू नका, काय होतंय ते सांगा. इथे माझ्याच शेजारचा माणूस वर्षानुवर्षं वास नसलेल्या जगात राहत होता आणि मी दर रविवारी त्याच्या ओटीवर चहा पिऊन जात होते. दूध उतू गेलं तरी हे जागचे हलत नाहीत म्हणून मी त्यांना आळशी म्हणायचे.

तेल आम्ही त्याच संध्याकाळी खड्ड्यात पुरलं. मॅडमनी सांगितलं तसं खाद्यात ई जीवनसत्त्व मिसळायला सुरुवात केली. बायजाबाई खाडीतली बारीक मासळी रोज टोपलीभर आणून टाकू लागली. आणि मग फक्त वाट बघणं. रक्त एका दिवसात फुटतं, पण भरायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातही मासे मेले. काका रोज सकाळी फोन करायचे. मी म्हणायचे, "बोला काका, किती?" आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या दंडाला पट्टा बांधून तशीच उभी राहायचे. पेशंट म्हणायचा, ताई, आज काय झालंय तुम्हाला?

शीराताईचे फोन चालूच होते. तळं कसंय पप्पा? बरंय गो. तिला संशय आला होता, कारण काका तिला कॅमेऱ्यात तळं दाखवायचं टाळत होते. मी काकांना बजावलं, "काहीही बोलू नका. मासे सुधारतायत. चार-सहा आठवडे काढा, मग काय दाखवायचं ते दाखवा. तळं नीट झालं तर तुम्ही जिंकलात."

मला ते जायला नको होते. हे सरळच सांगते. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते, आणि त्यानंतर माझ्या परीक्षांना मला सोडायला सायकलवरून हेच यायचे. ते गेले की शेवग्यापलीकडे कुलूप दिसणार.

दिवाळी गेली. एके दिवशी फोनवर काकांनी नुसतं "नाय" म्हटलं. एकही मेला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. थंडी पडायला लागली तशी मी पुन्हा नळ्या घेऊन गेले. बारीक नळीत लाल भाग वर चढलेला, वरचं पाणी फिकट पिवळं, स्वच्छ. लॅबमध्ये मी जोरात "अरे वा!" ओरडले. बाकावरच्या एका आजोबांना वाटलं, त्यांचाच रिपोर्ट चांगला आला. त्यांनी हात जोडले.

त्या शुक्रवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकून गावी गेले. काकांनी जाळं टाकून एक जिताडा काढला आणि कल्ला उचलला. लालभडक. आम्ही दोघं त्या माशाकडे बघत राहिलो. काकांनी त्याला परत पाण्यात सोडलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवला.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. शुक्रवारी सूर्य मावळताना दिवा लावला की त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, म्हणून फोन त्याच्या आत होतो, नंतर नाही. शीराताई पडद्यावर आली. मी आनंदाने सांगणारच होते, तेवढ्यात काका म्हणाले, "शीरा, तळं बरं हाय. पण मधी मी मारलं होतं ते."

मी त्यांचा हात दाबला. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि सगळं सांगितलं. हंडा, तेल, रक्त, आणि शेवटी नाक. "खोटं सांगून राह्यलो तर कसलं राहणं ते?" ते मला म्हणाले, तिला नव्हे.

मला वाटलं शीराताई माशांचं विचारेल. तिने विचारलं, "पप्पा, गॅस?"

मी ओट्याकडे बघितलं. लाल सिलिंडर, शेगडी, पलीकडे खिडकी बंद. इतके दिवस मी तेलाचा वास, माशाचा वास, रक्ताचा रंग करत बसले होते आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

काका म्हणाले, "एकदा झालं तसं. पावसात. दूध उतू जाऊन शेगडी विझली, मला कळलं नाय. शुक्रवार होता. मी काडी हातात घेतली होती दिव्यासाठी. बायजाबाई पाटी घेऊन दारात आली आणि ओरडली. तिला मी शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून."

शीराताईने तोंडावर हात ठेवला. मी घाईघाईत म्हटलं, "आपण इंडक्शन आणू. उद्याच आणू. मी आणते पेणहून." माझं मलाच ऐकू येत होतं ते किती पोकळ आहे. इंडक्शन आणलं, पण शिळं अन्न? रात्री एखादी वायर जळायला लागली तर? शेवग्यापलीकडे माझी आई, तिला संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, आणि मी रोह्यात.

"भूमे," काका म्हणाले, "तू सांग. तू सांगशील ते करतो."

मला त्यांचा भयंकर राग आला. हे माझ्यावर का टाकलं त्यांनी? ठरल्याप्रमाणे ते जिंकले होते. तळ्यात मासे होते, लाल कल्ल्यांचे, आणि मी नुसतं "राहा" म्हटलं असतं तर ते राहिले असते.

"जा काका," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात जा. तळ्याचं मी बघते."

शीराताई रडत होती, मीही रडत होते. बाहेर उजेड उतरत चालला होता. काकांनी फोन ठेवला, उठून फळीवरचा काचेचा दिवा खाली घेतला, त्यात खोबरेल ओतलं, वात सरळ केली आणि काड्यापेटी उघडली. काडी ओढायच्या आधी ते थांबले.

"वास घे गो जरा," ते म्हणाले. "लावू ना?"

मी ओट्यापाशी गेले, शेगडीजवळ वाकले, सिलिंडरजवळ वाकले, पुन्हा एकदा दोन्हीकडे वाकले.

"लावा," मी म्हटलं.